‘जोम’ : अर्थ, उगम आणि त्याचे शेजारी

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे. सातवीच्या वर्गात समानार्थी शब्द शिकवताना त्यांनी फळ्यावर ‘जोम’ या शब्दापुढे ‘जोर, जोश, उत्साह’ असे लिहिले. तेव्हा शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, आमच्याकडे पीक जोमात असतं, जोशात नसतं.” बाई थबकल्या. मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यांनी सांगितले की ‘जोम’ हा संस्कृत ‘ओजस्’ शब्दाचा अपभ्रंश आहे, आणि दुसऱ्यांनी तो ‘जोर’चाच उच्चारभेद असल्याचे सांगितले. तेव्हा या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, जोर आणि जोश यांच्याशी त्याचे काही नाते आहे का, आणि मुलांना त्याचा विरुद्धार्थी शब्द कोणता सांगावा, असे त्यांचे विचारणे आहे.

कोशाच्या कामात तीसएक वर्षे घालवल्यानंतर मी निःसंकोचपणे त्या मुलाच्या बाजूने उभा राहतो. त्याने जे सांगितले त्यात या शब्दाचा निम्मा अर्थ आलेला आहे. उरलेला निम्मा सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी ‘ओजस्’बद्दल. ही व्युत्पत्ती ऐकायला गोड वाटते, कारण दोन्ही शब्दांत ‘ओ’ आहे, ‘ज’ आहे आणि अर्थही जवळचा आहे. परंतु शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना वाटेल तशी अक्षरे उलटीपालटी करत नाहीत. दोन स्वरांच्या मधला ‘ज’ प्राकृतात बहुधा गळून पडतो. ‘बीज’चे ‘बीअ’ झाले आणि आपल्याकडे ‘बी’ उरले, ‘राजा’चा ‘राआ’, ‘राय’ होत होत ‘राव’ झाला. त्याच वाटेने गेल्यास ‘ओजस्’चे ‘ओअ’ व्हायला हवे. मधला ‘ज’ उडी मारून शब्दाच्या आरंभी कसा आला आणि शेवटी ‘म’ कुठून चिकटला, याचे उत्तर या व्युत्पत्तीपाशी नाही. ‘ओज’ हा शब्द मराठीत आहेच, पण तो ग्रंथांतून जसाच्या तसा घेतलेला आहे, आणि बांधावर उभे राहून कोणी “पिकात ओज आहे” असे म्हणत नाही.

‘जोम’ अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत ‘झअम’ किंवा ‘झुअम’ असा शब्द आहे, आणि त्यामागचा धातू ठामपणे सांगणे, दावा करणे या अर्थाचा आहे. याच धातूपासून ‘झईम’ हा शब्द होतो, ज्याचा जुना अर्थ हमी घेणारा आणि आजचा अर्थ पुढारी असा आहे. दावा करणाऱ्याला आपल्या दाव्याची खात्री असते, आणि ती खात्री फार वाढली की तिचा अहंकार होतो. उर्दूत हा शब्द नेमका तिथे जाऊन थांबला. उर्दूत एखादा माणूस ‘झोम’मध्ये आहे असे म्हटले तर त्याला स्वतःबद्दल फाजील विश्वास वाटतो आहे, तो घमेंडीत आहे, असा अर्थ होतो.

उच्चाराची वाटही स्वच्छ दिसते. अरबीत ‘ऐन’ नावाचे एक कंठातले अक्षर आहे, जे फारसी आणि हिंदुस्थानी जिभांना झेपले नाही. ते गळाले आणि जाताना शेजारचा स्वर लांबवून गेले. ‘तअलीम’ म्हणजे शिकवण, तिची आपल्याकडे ‘तालीम’ झाली, मग ती मल्लांची असो की नाटकवाल्यांची. ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, त्याच्या कुळातला आपला ‘तालुका’. हिंदीतला ‘शोला’ मुळात अरबी ‘शुअला’ आहे, आणि तिथे ‘उ’ व ‘ऐन’ मिळून ‘ओ’ झालेला आहे. अगदी त्याच नियमाने ‘झुअम’चा ‘झोम’ आणि मराठीत ‘जोम’ झाला. (जाता जाता सांगतो, या अक्षराच्या नावाचा अर्थ अरबीत ‘डोळा’ आणि ‘गाभा’ असा आहे, आणि ‘ऐन दुपारी’, ‘ऐन वेळी’ यांतला आपला ‘ऐन’ तोच आहे.)

आता ‘जोर’ आणि ‘जोश’. ‘जोर’ हा फारसी शब्द, अर्थ बळ. तो इराणी भाषांत फार जुना आहे आणि अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, त्याचे ‘झावर’ असे रूप सापडते. ‘जोश’ही फारसीच, पण तो ‘जोशीदन’ म्हणजे उकळणे या क्रियापदाचा आप्त आहे. युनानी वैद्य औषधी वनस्पती उकळून जो काढा देतात त्याला ‘जोशांदा’ म्हणतात, त्यात हा मूळ अर्थ अजून जसाच्या तसा आहे. म्हणजे ज्या तीन शब्दांना आपण सख्खे भाऊ समजतो त्यांपैकी एक बळ आहे, एक उकळी आहे आणि एक दावा आहे. तिघांची कुळे वेगळी. दोघे इराणचे, एक अरबस्तानचा, आणि इराणच्या दोघांचेही परस्परांशी नाते नाही.

याचा एक पुरावा आपल्या जिभेतही आहे. मराठीत दोन ‘ज’ आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. ‘जोर’ आणि ‘जोम’ यांतला ‘ज’ आपण ‘जमीन’मधल्यासारखा, जीभ दातांशी नेऊन उच्चारतो, तो दंततालव्य ‘ज’. ‘जोश’ म्हणताना मात्र पुष्कळ जणांच्या तोंडी ‘जोशी’ आडनावातला तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारलेला ‘ज’ येतो. फारसी लिपीत ‘जोर’ आणि ‘झोम’ हे ‘झे’ या अक्षराने लिहितात आणि ‘जोश’ ‘जीम’ने. या एकाच गोष्टीवर व्युत्पत्ती उभी करणे मी योग्य मानणार नाही, कारण मराठीने पुष्कळ फारसी शब्दांतला ‘जीम’ही दंततालव्य करून टाकलेला आहे, ‘जागा’ हा शब्द त्यातलाच. तरी इतर पुराव्यांच्या जोडीला तो ठेवण्यासारखा आहे.

इथपर्यंतचा भाग कोणत्याही चांगल्या व्युत्पत्तिकोशाच्या मदतीने जुळवता येतो. मला खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे : उर्दूत जो शब्द घमेंडीपाशी थांबला तो मराठीत आल्यावर हिरवा कसा झाला?

बहमनी काळापासून पुढची काही शतके दख्खनच्या दरबारांत फारसी वावरत होती आणि लष्करातून, बाजारातून तिचे शब्द गावोगाव पोचत होते. त्यांतल्या कारभारी शब्दांची छत्रपती शिवाजी महाराजांनी दखल घेतली आणि रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या कोशाचा रोख राज्यव्यवहारावर होता. पण जे शब्द दफ्तराबाहेर, रानात, चावडीवर, आखाड्यात रुजले त्यांचे काय झाले, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांना मराठीने कामाला लावले आणि कामाप्रमाणे त्यांचा अर्थ वळवला. अरबीत ‘दिमाग’ म्हणजे मेंदू. मराठीत त्याचा ‘दिमाख’ झाला आणि सोहळा दिमाखदार होऊ लागला. ‘मिजाज’ म्हणजे शरीरातील गुणांचे मिश्रण, माणसाची प्रकृती. आपल्याकडे ती ‘मिजास’ झाली आणि मिजासखोर हे दूषण ठरले. या दोन शब्दांत साध्या अर्थावर ऐट आणि गर्व चढला. ‘जोम’च्या बाबतीत वाट बरोबर उलटी आहे. त्याच्या अंगात गर्व होता तो झडला, आणि गर्वाच्या खाली जी ताकद असते, ज्या ताकदीच्या भरवशावर माणूस दावा करतो, ती ताकद शिल्लक राहिली. दावा, दाव्याचा भरवसा, भरवशामागचे बळ, असा हा प्रवास मला दिसतो.

मग गर्वाचे काम कोणाकडे गेले? ते एका जुन्या देशी शब्दाकडे होतेच : ‘माज’. संस्कृत ‘मद्’ धातूचे ‘माद्यति’ हे रूप, त्याचे प्राकृतात ‘मज्जइ’, आणि मराठीत ‘माजणे’. ‘अद्य’चे ‘अज्ज’ होऊन ‘आज’ झाले, ‘विद्युत्’चे ‘विज्जु’ होऊन ‘वीज’ झाली, तोच हा नियम. या धातूपासून झालेला ‘मद’ शब्द वेदांत मुळीच वाईट नाही. सोमरस प्यायल्यावर इंद्राला चढतो तो उल्हास म्हणजे मद. त्या उल्हासाचा पुढे माज झाला. म्हणजे जो देशी शब्द आनंदातून निघाला तो मराठीत दूषण झाला, आणि जो परदेशी शब्द घमेंडीतून निघाला तो कौतुकाचा झाला. दोघांनी जागा बदलल्या. कोशकाराच्या आयुष्यात असे काही सापडले की त्या दिवशी दुसरे काम सुचत नाही.

ही अदलाबदल पुस्तकात शोधावी लागत नाही, ती रानात ऐकू येते. मराठीत तण माजते आणि पीक जोमात येते. हिरवेपणा दोघांचा तोच, पाणी तेच, खतही तेच, पण शब्द वेगळा. बार्शी तालुक्यात एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर मी ज्वारीच्या रानातून चाललो होतो, तेव्हा शब्दांच्या नोंदी करायला खिशात कागदाच्या पट्ट्या घेऊन फिरण्याची मला सवय होती. एका वाफ्यातली ज्वारी छातीएवढी, काळपट हिरवी, पाने रुंद, लवलवीत. मी म्हणालो, “ही तर फारच जोमात आहे.” ते थांबले, त्यांनी एक ताट, म्हणजे ज्वारीचे उभे खोड, मुठीत धरून किंचित वाकवले, आणि ते सहज वाकले. “ही माजलीय,” ते म्हणाले, “युरिया जास्त पडला हितं. वारं आलं की लोळंल.” मग शेजारच्या वाफ्यात नेऊन त्यांनी थोडे बुटके, फिकट हिरवे, पण पोटरीत आलेले ताट माझ्या हातात दिले. पोटरी म्हणजे कणीस बाहेर पडण्यापूर्वीची, पानाच्या आवरणात ते फुगून बसलेले असते ती अवस्था. बोटाने दाबून पाहिले तर आत भरीव लागत होते. “ह्याला जोम म्हणायचं,” ते म्हणाले.

शेतीशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नत्र जास्त झाल्याने पहिल्या वाफ्याची कायिक, म्हणजे पानाखोडाची वाढ बेसुमार झाली होती, खोड मऊ पडले होते आणि पक्वता लांबणार होती. पण शब्दकोशाच्या दृष्टीने त्यांनी जे केले ते अर्थाच्या नोंदीपेक्षा नेमके होते. फळाकडे, दाण्याकडे जाणारी वाढ म्हणजे जोम, आणि नुसती अंगावर येणारी वाढ म्हणजे माज. मी त्या पट्टीवर ‘जोम’समोर आधी लिहिलेले ‘भरपूर वाढ’ हे शब्द खोडले आणि ‘सकस, फलोन्मुख वाढीचे बळ’ असे लिहिले. आजही मला याहून चांगली व्याख्या सुचलेली नाही.

हा अर्थ एकदा पकडला की इतर प्रयोग आपोआप उलगडतात. पावसाला जोर असतो, वाऱ्याला जोर असतो, तापालाही जोर असतो, पण यांतल्या कशालाही जोम नसतो. जोम जे जगते आणि वाढते त्यालाच लागतो, किंवा जे वाढते आहे अशी आपण कल्पना करतो त्याला : धंदा जोमात असतो, चळवळ जोमात असते, संस्थेचे काम जोमाने चालते. मिरवणुकीत ढोलताशा वाजवणाऱ्यांना जोश चढतो. तो उकळीसारखा येतो आणि उकळीसारखाच ओसरतो, आणि म्हणून त्याच्याबरोबर चढणे, येणे, ओसरणे ही क्रियापदे चपखल बसतात. जोर लावावा लागतो किंवा करावा लागतो, दार उघडताना, गाडी ढकलताना, आखाड्यात. तालमीत जमिनीवर हात टेकून जो व्यायाम मारतात त्याचे नावच जोर आहे. आणि जोम धरला जातो : “पहिल्या पावसानंतर रोपांनी जोम धरला.” मूळ धरणे, बाळसे धरणे, फळ धरणे यांच्या पंगतीतले हे ‘धरणे’ आहे. “रोपांनी जोश धरला” किंवा “रोपांनी जोर लावला” असे म्हणून पाहिले की कान लगेच तक्रार करतो.

समानार्थी शब्दांचा विचार करताना ही क्रियापदांची कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. शब्दाचा अर्थ एकट्या शब्दात शोधला तर जोम, जोर, जोश आणि उत्साह एकमेकांत मिसळून जातात, पण त्यांच्यामागून येणारे क्रियापद पाहिले की ते वेगळे होतात.

‘उत्साह’ तर या रांगेत बसतच नाही. तो शुद्ध संस्कृत, ‘उद्’ उपसर्ग आणि ‘सह्’ धातू. या धातूचा आज आपल्याला माहीत असलेला अर्थ सोसणे हा आहे, पण वेदांत त्याचा अर्थ मात करणे, वरचढ होणे असा होता. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि ‘साहस’ शब्दात ते बळ अजून टिकून आहे. नाट्यशास्त्राने उत्साहाला वीररसाचा स्थायीभाव म्हटले आहे, आणि कौटिल्याने राजाच्या तीन शक्तींत प्रभुशक्ती आणि मंत्रशक्ती यांच्याबरोबर उत्साहशक्ती मोजली आहे. अशा थोर कुळातला हा शब्द असला तरी त्याला मन लागते. ज्याला मन नाही त्याला उत्साह नाही, म्हणून पीक उत्साहात असू शकत नाही. उलट माणूस मनाने उत्साही असून अंगात जोम नसणे शक्य आहे, आणि आजारातून उठलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘नव्या जोमाने’ हा प्रयोग इतका रुळलेला आहे की वर्तमानपत्रातल्या बातम्यांत तो रोज वाचून आपण त्याच्याकडे पाहीनासे झालो आहोत. निवडणूक हरलेला पक्ष नव्या जोमाने कामाला लागतो, मालिका गमावलेला संघ नव्या जोमाने उतरतो. यात ‘नव्या जोराने’ का चालत नाही? कारण या प्रयोगाला छाटणीचे चित्र आहे. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर जाऊन पाहावे. काल मांडवभर पसरलेली वेल आज नुसती काडी राहिलेली असते, आणि नवख्या माणसाला बाग मोडून टाकल्यासारखी वाटते. थोड्याच दिवसांत त्या काडीवरचे डोळे फुगतात, फुटतात आणि कोवळी फूट बाहेर येते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात तेव्हा पुन्हा हेच. छाटल्यानंतर मुळांत साठलेल्या बळावर जे फुटते त्याला नवा जोम म्हणतात, आणि पराभवानंतर उभे राहणाऱ्याला आपण हा शब्द देतो तेव्हा त्याची मुळे शाबूत आहेत असे गृहीत धरतो. म्हणून ज्याने अजून काहीच गमावलेले नाही त्याच्यासाठी हा प्रयोग वापरू नये, असे मी नवे लिहिणाऱ्यांना आवर्जून सांगतो. पहिल्यांदाच सुरू होणारे काम ‘नव्या जोमाने’ सुरू होत नाही.

अलीकडे ‘एनर्जी’ या एका शब्दावर आपण ही सारी कामे सोपवू लागलो आहोत. गाण्यात एनर्जी, माणसात एनर्जी, जेवणात एनर्जी, आणि आता पीकसल्ल्याच्या चित्रफितींतही झाडाची एनर्जी ऐकू येते. परकीय शब्दाला माझा विरोध असण्याचे कारण नाही, मी ज्या शब्दाची बाजू मांडतो आहे तो स्वतःच परदेशातून आलेला आहे. माझी काळजी निराळी आहे. ‘जोम’ आला तेव्हा आपल्याकडे ज्या जागेला नाव नव्हते त्या जागेवर तो बसला आणि भाषेत एक भेद वाढला. ‘एनर्जी’ मात्र चार शब्दांच्या जागेवर एकटी बसते आणि चार भेद पुसते. ज्वारीचे ते ताट वाकवून दाखवणाऱ्या शेतकऱ्याला जो फरक एका शब्दात सांगता आला, तो त्याच्या नातवाला सांगता येईल की नाही, हा माझ्यासाठी खरोखर अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. तरीही ‘जोम’ची मला फार चिंता वाटत नाही. बाजारभाव पडल्यावर ‘पीक जोमात, शेतकरी कोमात’ अशी जुळणी गावोगाव कोणी ना कोणी करतच असते, आणि ज्या शब्दाला लोक दुःखातही यमकाला घेतात तो शब्द जिवंत असतो.

आता विरुद्धार्थी शब्दाविषयी. इथेही तीन शब्दांची तीन उत्तरे येतात, आणि वर्गात शिकवायला हीच रीत मला सोपी वाटते. जोराच्या उलट अशक्तपणा, आणि त्यासाठी ‘जोर’पासूनच झालेला ‘कमजोर’ शब्द हाताशी आहे. जोशाच्या उलट थंडपणा, कारण उकळीच्या उलट दुसरे काय असणार. ‘जोम’साठी मात्र माणूस आणि पीक यांना वेगळे शब्द द्यावे लागतात : माणसाला मरगळ येते आणि पीक खुरटते. फळ्यावर ‘जोम × मरगळ’ लिहावे, आणि पिकाविषयीचा शब्द त्या मुलालाच विचारावा. तो ‘खुरटलं’ म्हणेल, किंवा त्याच्या गावाकडे त्यासाठी आणखी एखादा शब्द असेल, तो त्याच्या नावानिशी फळ्यावर लिहावा. आणि ‘जोर, जोश, उत्साह’ ही ओळ पुसायची गरज नाही, त्यांच्यापुढे प्रत्येकाचे क्रियापद मुलांकडून लिहून घ्यावे, म्हणजे पुरेसे आहे.